मुंगीचं युफोनियम

शाळेच्या बँडमधले सगळे तिला मुंगी म्हणत. अंगकाठी एवढीशी आणि मांडीवर घेऊन बसायची ते तिच्या धडाएवढं पितळी युफोनियम. समोरून पाहिलं तर वाद्यालाच दोन पाय फुटलेत असं वाटावं. पण तिनं फुंक मारली की मागच्या रांगेतल्या ट्रॉम्बोनवाल्यांच्या गप्पा बंद व्हायच्या.

शाळेच्या तीन व्हॉल्व्हच्या, म्हणजे बोटांनी दाबायच्या तीन कळांच्या वाद्यावर मात्र आता तिचं घोडं अडायला लागलं होतं. खर्जातले काही सूर त्यात मुळी नव्हतेच. त्यासाठी चौथा व्हॉल्व्ह हवा. म्हणून एका सकाळी बँड शिकवणारे सर तिला आणि तिच्या आईला घेऊन वाद्यांच्या दुकानात गेले. सरांच्या मनात निकाल आधीच लागला होता. स्वतः आयुष्यभर वाजवत आले तसंच रुंद कर्ण्याचं, भारदस्त वाद्य.

"हे घे. अगदी डोळे झाकून घे."

"डोळे झाकते, सर. कान उघडे ठेवले तर चालतील ना?"

आईनं डोळे वटारले. सर हसले.

दुकानदारानं आणखी तीन वाद्यं काढून ठेवली. मुंगीनं आपला फुंकायचा माउथपीस लावून प्रत्येकावर तेच वाजवलं: आधी लांब सूर, मग खर्ज, मग अगदी दबक्या आवाजातली एक चाल. सरांच्या पसंतीचं वाद्य घुमलं तशा खिडकीच्या काचा थरथरल्या. सर खूश झाले. चाल संपायच्या आतच तिचा श्वास संपला, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

शेवटचं वाद्य कुणीतरी वापरलेलं, नळीच्या बाकावर पोचा आलेला, चकाकी उडालेली. ते तिनं दोनदा वाजवलं.

"हे, सर."

"हे? त्या पहिल्यापुढे हे म्हणजे..."

"हे हळूच वाजवलं तरी बोलतं. त्या पहिल्याला मला हाका माराव्या लागतात."

"श्वास वाढेल की तुझा!"

"वाढेल. पण ते हुबेहूब तुमच्यासारखं वाजतं, सर. फार सुंदर. हातात घेतलं की मी तुमची नक्कलच करायला लागते."

"अगं, कुणाशी बोलतेस!" आई पुटपुटली.

सरांना लागलं. पण त्यांना आठवलं, या वयात गुरूंनी हातात ठेवलं ते त्यांनी मान डोलावून घेतलं होतं. वेगळं काही मागायची छातीच झाली नव्हती.

"पुन्हा वाजव," ते म्हणाले आणि त्यांनी मन लावून ऐकलं. "मला अजून ते पहिलंच आवडतं. पण वाजवायचं तुला आहे. हेच घेऊ."

पुढे बँडच्या कार्यक्रमात तिला एकटीनं वाजवायचा संथ तुकडा मिळाला. तिनं इतक्या हळू सुरुवात केली की खुर्च्यांची करकर थांबली. सूर पायरी-पायरीनं उतरत खर्जाला टेकला आणि तिथं निवांत थांबला. सरांनी असा आवाज आपल्या वाद्यातून कधी काढला नव्हता. ते ऐकतच राहिले. क्लॅरिनेटवाल्यांना खूण करायचंही विसरले. ते बिचारे आपापल्या अंदाजानं शिरले.

कार्यक्रमानंतर मुंगी पडद्यामागे फुंकून वाद्यात साचलेलं पाणी काढत होती. सर शेजारी येऊन उभे राहिले.

"नव्या मुलांना लांब सूर शिकवायचेत. मी शिकवले तर सगळी माझ्यासारखीच वाजवतील. तू येशील?"

"कधीपासून?" तिनं विचारलं.