भाड्याची गर्दी

“अगं बाई, काय शोभतोय हा कोट!” शेजारची निळ्या केसांची तरुणी ओरडली, तसा तोही ओरडला, “वा! हा तर घ्यायलाच हवा!”

त्याचं कामच ते होतं. डोळ्यांवर चष्मा चढवून लोक घरबसल्या या बाजारात यायचे आणि दुकान रिकामं दिसलं की पुढे जायचे. म्हणून दुकानाने गर्दी भाड्याने ठेवली होती. निळ्या केसांची तरुणी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आणि हा पंचविशीतला रुबाबदार तरुण म्हणजे पन्नाशीचा, पोट सुटलेला, कारखान्याने घरी बसवलेला फोरमन. एका लांबलचक हॉलमध्ये दोघे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर चष्मे लावून बसत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवत. चष्म्यात दिसणारं अंग दुकानाचं, आवाजही दुकानाचा.

घरी मात्र त्याने सांगितलं होतं की तो मॅनेजर झालाय, चष्म्यातून बड्या लोकांशी मीटिंगा असतात. एकदा मारलेली थाप, आता तीच रोज सांभाळायची.

दुपारी फुकटात मिळणारं राखाडी अंग घालून एक बाई दुकानात शिरली. तिने कोटाची चौकशी केली आणि तो आवाज त्याने लगेच ओळखला. त्याची बायको होती.

“मिस्टरांसाठी हवाय,” ती त्यालाच म्हणाली. “मोठ्या लोकांत ऊठबस असते त्यांची. सगळे असे झकपक, आणि हे आपले माझ्यासारखेच राखाडी जात असणार. बोलून नाही दाखवायचे कधी.”

कोट चष्म्यातलाच होता. कपाटात टांगता येणार नव्हता की थंडीत ऊब देणार नव्हता.

“पण महाग आहे हो,” ती म्हणाली. “दाढेसाठी साठवलेत, ते जातील. जाऊ देत. एका बाजूने चावता येतं मला.”

नको घेऊस, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण गिऱ्हाईक परतवणाऱ्याला इथे दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळत नसे. कानात सुपरवायझर खेकसला, “गिऱ्हाईक रेंगाळतंय! बोला की!”

“घ्या मॅडम,” तो म्हणाला. “नशीबवान आहेत तुमचे मिस्टर.” बोलला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जरा घालून दाखवता? उंची साधारण तेवढीच आहे.”

त्याने कोट घातला. अंग दुकानाचं असलं तरी हालचाल ज्याची त्याचीच असते. शरमला की मान खाली घालून उजवा कान चोळायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड. ती कॉलर नीट करायला पुढे आली आणि तिचा हात मध्येच थांबला. कान चोळणाऱ्या त्या तरुणाकडे ती बघतच राहिली.

“राहू दे,” ती हळूच म्हणाली. “आमच्या ह्यांना नको हा.” मग तिने विचारलं, “दिवसभर हेच बोलावं लागतं तुम्हाला?”

“हो.”

“घसा बसत असेल,” ती म्हणाली आणि गेली. सुपरवायझरने त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. ती त्याला धड ऐकूही आली नाही.

संध्याकाळी तो घरी आला, तर तिने कोमट पाण्यात मीठ घालून पेला पुढे केला. “गुळण्या करा.” त्याने पेला घेतला. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. जेवतानाही दोघे गॅस सिलिंडरबद्दलच बोलले.

सकाळी ती नेहमीसारखी त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. तो दारात उभा राहिला. पुष्कळ काही बोलायचं होतं, पण तोंडून एवढंच आलं, “राहू दे गं इस्त्री. तिथे मला कोणी बघत नाही.”

“मी बघते ना,” ती म्हणाली, आणि कॉलर उलटवून दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवू लागली.