काश्यप गोत्राचं पान

वाढलेल्या पानाची आमच्या भावजींना कधी किंमतच नव्हती. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, श्याम. मी लग्न होऊन आले तेव्हा सात वर्षांचे. भात कालवून समोर ठेवावा आणि वर कुठे विमान घुरघुरलं की हे उष्ट्या हाताने अंगणात. मान वर, तोंड उघडं, आत माशी गेली तरी कळायचं नाही. त्यांची आई नुकतीच गेलेली, म्हणून कान पिळायचं काम माझ्याकडे आलं. पिळले. काय उपयोग झाला? पुढे तेच विमान उडवायला गेले.

आजही तीच तऱ्हा. सर्वपित्रीचा म्हाळ. वडे तळून झालेत, खीर निवतेय, आणि भावजी ओटीवर खुर्चीत हटून बसलेले.

“भावजी, चला आत. सगळे खोळंबलेत.”

“आधी त्याचं पान,” ते म्हणाले.

एवढं बरं लक्षात राहतं! सकाळी दात घासले की नाही ते आठवत नाही. मला मधूनच आई म्हणतात. माझ्या दीपकला पोस्टमन समजून ‘काही आलंय का’ विचारतात. गेले कित्येक दिवस नुसत्या पेजेच्या पाण्यावर आहेत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आजी, कसंही करून जेववा. नाहीतर फार दिवस काढणार नाहीत.” म्हणून म्हटलं, आज सणासुदीसारखं पान आहे, आज तरी घास उतरेल.

आता ‘तो’ कोण ते सांगते. एकाहत्तरच्या लढाईत भावजींनी शत्रूचं विमान पाडलं. वीरचक्र मिळालं. एसटी स्टँडपासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, हारांतून नुसतं नाक दिसत होतं. मी आळीभर पेढे वाटले. अगदी परवापर्यंत डिसेंबर आला की शाळावाले त्यांना न्यायचे. तीच गोष्ट, त्याच टाळ्या. पण शाळेत ते विमानाचं सांगायचे. आतल्या माणसाचं फक्त मला सांगितलं, मी नारळ खवत असताना.

“वहिनी, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पोरगाच होता हो. त्याची छत्री उघडली नाही.”

मी म्हटलं, “बरं झालं. नाहीतर तुमची उघडायची वेळ आली असती.” ते उठून गेले.

पुढच्या भाद्रपदात रजा काढून आले आणि म्हणाले, म्हाळाला त्याचंही एक पान वाढायचं. आमचे हे भडकले. “आपल्यावर बॉम्ब टाकायला आलेला तो! त्याला खीर घालू?”

“मी मारलाय त्याला, दादा. कुठे पडला तेसुद्धा त्याच्या घरी कळलं नसेल.”

तेव्हाच्या भटजींनी विचारलं, नाव? माहीत नाही. गोत्र? ते कुठून असणार! भटजी म्हणाले, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. झालं. देश परका, धर्म परका, आणि आमच्या घरात त्याला गोत्र मिळालं. खीर मीच ढवळली, तोंडाने पुटपुटत.

भावजींनी लग्न केलं नाही. रिटायर होऊन इथेच आले. ते पान दरवर्षी परसातल्या दगडी गडग्यावर जायचं आणि दरवर्षी तसंच राहायचं. पुढे आमचे हे गेले, त्यांचंही पान शेजारी जायला लागलं. कावळा त्यांच्या पानावर ताव मारायचा आणि ह्या पानाकडे पाठ. संध्याकाळी ते गायीपुढे. मी म्हणायचे, “त्याला अळूचं फदफदं रुचत नाही हो, कोंबडी हवी असेल.” भावजी हसायचे नाहीत.

आज यज्ञेश भटजीने विचारलं, “काका, नेहमीचंच ना? नाव नाही, काश्यप गोत्र?”

“नाव आहे,” भावजी म्हणाले. “श्याम.”

दीपक पाटावरून हसला. “अहो काका, श्याम तुम्हीच.”

“नाही रे. मी बघितला त्याला. मान वळवली त्याने. छत्री उघडली नाही.”

“आणि गोत्र?” यज्ञेशच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“ठाऊक नाही. काश्यपच लावा.”

आमचं गोत्र अत्री. मुंजीच्या आधी मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

यज्ञेश दर्भ हातात धरून माझ्याकडे बघायला लागला. “आजी, जिवंत माणसाच्या नावाने मला नाही हो पाणी सोडता येणार.”

“मग मुकाट सोड. नाव घेऊच नकोस. तुझी दक्षिणा काही पळून जात नाही.”

माझी सून मनस्विनी पान घेऊन परसात गेली. गडग्यावर टेकवते न टेकवते तोच कावळा. मग दुसरा. खिरीत चोची, वड्यावरून भांडण.

“आई, शिवला,” ती म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली.

भावजी पडवीच्या दारात येऊन बघत होते. ताप उतरल्यावर लहान मुलाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“चला आता. त्याचं झालं. तुमचं वाढते.”

“मी जेवलो की, वहिनी.” त्यांनी गडग्याकडे बोट केलं.

त्यांना पुन्हा ओटीवर आणून बसवलं. पान तिथेच आणलं. शेजारी बसताना माझे गुडघे कडाडले. वरणभात मऊ कालवून घास ओठांशी धरला. ओठ मिटलेले. तूप हनुवटीवर ओघळलं, ते पदराने पुसलं आणि पुन्हा घास धरला.

तेवढ्यात गावाबाहेर झालेल्या नव्या धावपट्टीवरून उठलेलं विमान अगदी घरावरून गेलं. खिडक्या थरथरल्या. यज्ञेशसुद्धा आतून धावत अंगणात आला. भावजी मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत बसले. त्यांनी मान वर केली नाही.

मी घास पानात ठेवला.

“दोन विमानं पडली हो भावजी त्या दिवशी,” मी म्हटलं. “आणि मला एकाचेच पेढे वाटायला लावलेत.”