वीस लिटर पाण्याचा पुरावा

आमच्या वजनमापे खात्याची एक जुनी सवय आहे. बाजारात काही नवीन आलं की खातं आधी दहा वर्षं त्याच्याकडे बघतच नाही, आणि मग एके दिवशी परिपत्रक काढून एकदम डोळे वटारतं. वरातीमागून घोडं म्हणतात. आमचं घोडं वरात घरी जाऊन झोपली की निघतं.

मी या खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक आहे. तराजू, वजनं, दुधाची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या, पेट्रोलपंप हे सगळं दरवर्षी तपासायचं. बरोबर असलं तर हातोडीनं ठोकून शिक्का मारायचा, चुकीचं असलं तर तार बांधून शिशाचं सील दाबायचं आणि वापर बंद करायचा. बायको म्हणते, हा माणूस घरात चमचासुद्धा संशयानं हातात घेतो. ते खरं आहे.

तर परिपत्रक आलं की विजेच्या गाड्यांना वीज विकणारी यंत्रं यापुढे ‘मापं’ समजावीत आणि पहिल्या तारखेपासून त्यांची तपासणी करावी. तपासणीचं प्रमाणित साधन यथावकाश पुरवण्यात येईल. आमच्याकडे ‘यथावकाश’ म्हणजे तुम्ही निवृत्त झाल्यावर. शेजारच्या विभागातल्या एका उत्साही निरीक्षकानं साधनाची वाट न बघता थेट यंत्रावर हातोडीनं शिक्का ठोकला. यंत्र प्लॅस्टिकचं होतं. त्यानं एकदा लांब शिट्टी मारली आणि प्राण सोडला. त्या प्रकरणाची चौकशी अजून चालू आहे.

मी मात्र गप्प बसलो होतो. मग तक्रार आली, आणि तीही बाईंविरुद्ध.

बाई म्हणजे माझ्या गणिताच्या बाई. शाळेत तीन वर्षं त्यांनी मला शिकवलं आणि त्यातली दोन वर्षं कान धरून. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या कुंपणाच्या भिंतीवर गाड्या चार्ज करायचं एक यंत्र लावून घेतलं. घरपोच सामान पोचवणाऱ्या पोरांच्या दुचाक्या दिवसभर तिथे लागलेल्या असायच्या. पोरं बाकावर टेकायची, बाई त्यांना पाणी द्यायच्या आणि पाढे विचारायच्या. पाढे येत नसले तरी वीज मिळायची.

तक्रारदार त्यांच्यातलाच होता. सगळे त्याला घाईवाला म्हणत. त्यानं लिहिलं होतं, ‘मीटर पळतं. बाई लुबाडतात.’ हीच दोन वाक्यं त्यानं फोनवरच्या नकाशात बाईंच्या पत्त्याखाली, पाचपैकी एकच तारा देऊन, टाकलीही होती, आणि ती गावभर वाचली गेली होती.

मी गेलो तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “वाच.”

“वाचलंय, बाई.”

“चाळीस वर्षं शिकवलं. अर्धा मार्क कुणाचा खाल्ला नाही. आणि आता हे.” मला फार वाईट वाटलं. “तपास. काय ते खरं सांग.”

“तपासायला साधनच नाही आलं, बाई.”

“मग कशाला आलास?”

मी खिशातलं परिपत्रक काढून दाखवलं.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. शाळेत ही खूण आम्हाला चांगली माहीत होती. यापुढे वही काढायची असे. “तुझ्याकडे काय काय प्रमाणित आहे?”

“दहा लिटरचं पितळी माप. तापमापी. वजनं.”

“झालं की मग! वीस लिटर पाणी त्रेचाळीस अंशांनी तापवायला किती वीज लागते?”

मी खिशातला पेन चाचपला.

“एक युनिट, ठोंब्या,” बाई म्हणाल्या. “पाणी तापवायचा रॉड याच यंत्राला लावू. यंत्र काय दाखवतं ते बघू. भांडं तापेल, थोडी ऊब हवेत जाईल, म्हणजे यंत्रानं एकापेक्षा थोडं जास्तच दाखवायला हवं. फारच जास्त दाखवलं तर मी चोर.”

घाईवाल्याला बोलावून घेतलं, कारण पडताळणी दोन्ही बाजूंसमोर करायची असा आमचा नियम आहे. तो पाठीवरची मोठी पेटी न काढताच उभा राहिला. “साहेब, किती वेळ लागेल?”

“अर्धा तास.”

“अर्ध्या तासात माझ्या चार ऑर्डरी होतात!”

“तक्रार करताना घड्याळ बघितलं होतंस?” बाईंनी विचारलं. तो बाकावर बसला.

मी पितळी माप दोनदा काठोकाठ भरून स्टीलच्या पिंपात ओतलं. पिंपाला दोन रजया गुंडाळल्या. पाणी चोवीस अंश होतं. रॉड सोडला, आणि बाई लाकडी काठीनं पाणी ढवळत राहिल्या. सव्वीस वर्षांत मी बरीच तपासणी केली, पण आजारी माणसासारख्या रजईत बसलेल्या पिंपाची नाडी बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

तापमापी सदुसष्टवर आली तशी मी “बंद!” म्हणून ओरडलो. तिघंही यंत्राकडे धावलो.

आकडा होता शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी शतांश.

घाईवाला म्हणाला, “म्हणजे किती चोरली?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्यांना माझ्याआधी कळलं होतं. “एकाच्या खाली येऊच शकत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “म्हणजे यंत्र कमी दाखवतंय. मी जास्त देतेय आणि कमी घेतेय. घरचं वीजबिल वाढलं म्हणून मी फ्रिजवर संशय घेतला. चांगला चालणारा फ्रिज काढून टाकला रे मी!”

“मग माझी गाडी लवकर का बसते?” घाईवाल्यानं विचारलं.

मी त्याची गाडी पाहिली. बॅटरी इतकी जुनी होती की तिच्यावरची अक्षरंसुद्धा थकली होती. नाचता येईना अंगण वाकडं, आणि वर अंगणाच्या मालकिणीची तक्रार. त्याची मान खाली गेली. फोन काढून त्यानं तिथल्या तिथे ती दोन वाक्यं पुसली. बाईंनी हं म्हटलं आणि त्याला पाणी आणून दिलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कायद्यात एक कलम आहे. माप चुकीचं ते चुकीचं. नुकसान गिऱ्हाइकाचं होवो की मालकाचं, ते बंद करायचं. आणि दुरुस्तीनंतर पुन्हा उघडायचं ते प्रमाणित साधनानं तपासूनच. म्हणजे बंद करायला पाणी चालतं, उघडायला यथावकाश लागतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथे तर चोरही नव्हता.

मी कागदावर लिहायला घेतलं, ‘साधनाअभावी पडताळणी होऊ शकली नाही.’ बाईंनी खांद्यावरून वाचलं.

“खोटं का लिहितोस?”

“बाई, सील लावलं तर कधी उघडेल सांगता येत नाही. पोरं दुसरीकडे जातील. तुमचं हे सगळं...”

“माझं यंत्र चुकलंय की नाही?”

“चुकलंय.”

“मग चूक लिही. आज माझ्यासाठी सोडलंस तर उद्या खऱ्या लबाडासमोर कोणत्या तोंडानं उभा राहशील?”

मी सील लावलं. बाई आत निघून गेल्या.

कंपनीचा मिस्त्री तीन दिवसांत आला आणि यंत्र नीट करून गेला. त्याच्यापुरतं काढलेलं माझं सील मात्र पुन्हा लागलं ते तसंच. मी मोठ्या साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे खात्यातलं वजनदार माप. प्रत्येक कागदावर ‘चर्चा करावी’ एवढंच लिहून त्यांनी तीन बढत्या मिळवल्या होत्या. ते म्हणाले, “बंद करायला संशय पुरतो हो. उघडायला खात्री लागते. साधन येऊ द्या.”

महिना गेला. मी रोज सकाळी त्या रस्त्यानं मुद्दाम जायचो. बाक रिकामा. बाई कुंपणापाशी उभ्या असायच्या, मला बघून हात करायच्या, विचारायच्या काहीच नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. घरी मी कुरकुर केली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, बंद करायला सही लागली ती तुमचीच ना? मग उघडायला दुसऱ्याची कशाला शोधताय?”

मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी कळवलं की अमुक वाजता पाण्यानं फेरपडताळणी करत आहे, हजर राहावं. वाटलं, येणार नाहीत. पण आले. चुकीच्या गोष्टी समक्ष बघायची त्यांना आवड आहे.

अंगणात पंधराएक पोरं जमली होती. घाईवाला सगळ्यांत आधी आला होता आणि पिंप त्यानंच धुतलं होतं. बाईंनी आधी पाणी तापवून ते अर्ध्या तासात किती निवतं ते मोजून ठेवलं होतं. पिंपाची उष्णता, हवेत जाणारी उष्णता, सगळा हिशेब मांडून त्यांनी एका चिठ्ठीवर उत्तर लिहिलं आणि घडी साहेबांच्या हातात दिली. “उघडायची नाही हं. पाणी तापल्यावर.”

साहेबांनी ती घडी मुठीत गच्च धरली. बाईंपुढे सगळे मुलगेच होतात.

“पण हे कोणत्या नियमाखाली?” त्यांनी मला विचारलं.

“उष्णतेच्या,” बाई म्हणाल्या. “तो तुमच्या खात्याच्या आधीपासून लागू आहे. उभे आहातच तर ढवळा जरा.”

मी पडताळणीपुरतं सील तोडून रॉड लावला, आणि साहेबांनी बाह्या सरसावल्या. माझा विश्वास बसला नाही, पण मोठे साहेब अर्धा तास पिंप ढवळत होते. चष्म्यावर वाफ धरली होती.

“बंद!” पंधरा पोरं एकदम ओरडली.

यंत्रावर एक पूर्णांक सहा शतांश. साहेबांनी चिठ्ठी उलगडली. एक पूर्णांक पाच शतांश.

त्यांनी चष्मा पुसून दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले. मी प्रमाणपत्र लिहायला घेतलं. ‘वापरलेले प्रमाणित साधन’ या रकान्यात लिहिलं, ‘पितळी माप, तापमापी, पाणी वीस लिटर, रजया दोन.’ खाली सही केली. निवृत्तिवेतन जवळ आलेलं होतं, तरीही.

“यावर नोटीस काढावी लागेल मला,” साहेब म्हणाले.

“काढा, साहेब.”

त्यांनी कागद ओढून घेतला. वाटलं, रद्द लिहितात. त्यांनी माझ्या सहीखाली लिहिलं, ‘माझ्या समक्ष,’ आणि पूर्ण सही केली, तारखेसह. तीन बढत्यांत पहिल्यांदाच चर्चा न करता.

नोटीस आठव्या दिवशी आली. अनधिकृत पद्धत का वापरली याचा खुलासा मागितला होता, आणि खाली सही त्यांचीच होती. खुलाशाला मी प्रमाणपत्राची प्रत जोडली. पुढे काहीच आलं नाही.

बाईंच्या अंगणात पुन्हा गाड्या लागल्या, पाढे सुरू झाले. आणि पंधरा दिवसांत घाईवाल्यानं नवी तक्रार दिली, या वेळी नम्रपणे. ‘बाई चांगल्या आहेत. पण यंत्र पूर्वीपेक्षा जास्त युनिटं दाखवतं. जुनंच बरं होतं.’

ती वाचून मी ऑफिसात एकटाच मोठ्यानं हसलो. मग नियमाप्रमाणे उत्तर लिहिलं, ‘तक्रार खरी आहे. यंत्रही खरं आहे. बाई पहिल्यापासूनच खऱ्या होत्या.’ आणि त्या कागदावर, सव्वीस वर्षांत प्रथमच, चांगला जोर लावून रबरी शिक्का मारला.