खालचं रान

“अहो, अजून रेस वाढवा!” करुणाने दारातून हात वर केला.

चिंचेखाली उभ्या ट्रॅक्टरवर जालिंदरने रेस वाढवली. मागच्या शाफ्टला जोडलेल्या जनरेटरवरचा काटा दोनशे तीसवर थांबला. आत ऑक्सिजनचं मशीन पुन्हा घरघरू लागलं. लाईट जाऊन चार मिनिटं झाली होती.

तिने सासऱ्यांच्या नाकातली नळी सरळ केली. आप्पांनी डोळे न उघडताच मान हलवली.

तीन महिने ट्रॅक्टर तिथून हलला नव्हता. खालचं दोन एकर रान नांगरटीवाचून पडलं होतं. तिथून परत येऊन शाफ्ट जोडेपर्यंत तास गेला असता, आणि लाईट जायचा काही नेम नव्हता.

“भाड्याचा मिळाला का?” तिने खिडकीतून विचारलं.

“ट्रॅक्टरवाला हौसराव म्हनतो, दारात सोताचा हाय की. हार घालून पूजा करतो का त्याची?” जालिंदर हसला नाही. “समद्यांचीच घाई हाय. कोन देतंय?”

गेल्या रविवारी आप्पांनी अंथरुणातूनच विचारलं होतं, खालच्या रानाला किती वेळ लागंल? जाऊन येऊन चार तास, जालिंदर म्हणाला होता.

दर रविवारी करुणा मशीनची जाळी धुवायची आणि मशीन चालल्याच्या तासांचा त्यावरचा आकडा वहीत लिहायची. सणसवाडीच्या कंपनीत, लॅबमध्ये, ती दिवसभर नोंदीच करत असे. गेल्या रविवारी २३१० होते. आठवड्याचे एकशे अडुसष्ट. आज २४७८ हवे होते.

मशीनवर २४६४ होते.

तिने पुन्हा वाचलं. लाईट गेल्यावर मशीन बंद राहिल्याची मिनिटं वहीतच होती. सगळी मिळून अर्धा तासही भरत नव्हती. दुपारी घरात आप्पांशिवाय कोणी नसायचं; जालिंदर हाकेच्या अंतरावर गोठ्यात असायचा. बटण खाटेपासून हातभर अंतरावर होतं. तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखं निळसर होती. आप्पांनी हात गोधडीखाली घेतला.

मशीनची मूठ धरून तिने ते खाटेपासून लांब ओढायला सुरुवात केली.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” आप्पा म्हणाले. मग थोडा दम घेऊन, “सोमवारी मशीनबिगर तासभर निघंना. काल साडेतीन झालं.”

बाहेर ट्रॅक्टर एका सुरात चालला होता.

“चार तासांना अर्धाच राह्यलाय,” ते म्हणाले.