‘थांबा’ म्हणायचं राहिलं

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत एनिडने चहातली साखर सोडली होती. रोज सकाळी प्रार्थना झाली की ती ‘केंब्रिज’ या घंटा वाजवायच्या रचनेची निळी रेघ मनाशी म्हणायची. सहा घंटांत आपली घंटा कोणत्या फेरीला कितव्या जागी वाजायची, ते सांगणारी नागमोडी रेघ. चर्चच्या मनोऱ्यात कागद चालत नाही. सगळं डोक्यात हवं.

हा खटाटोप अँब्रोज पीझगुड यांच्यासाठी. चाळीस वर्षं मनोरा त्यांनीच सांभाळला. पण बाहेरचा माणूस न घेता गावच्याच सहा जणांनी सलग पाऊण तास केंब्रिज वाजवलंय, असं एकदाही झालं नव्हतं. आता ते एक्क्याऐंशीचे, खांदा झिजलेला, तरी एक दोर अजून त्यांच्याच हाती. कमी पडणारी सहावी जागा एनिडची.

“अगं पोरी, दोराशी भांडू नकोस,” ते म्हणायचे. पोरगी छप्पन्न वर्षांची.

“भांडू द्या हो,” बेकरीवाला क्लिफर्ड हसायचा. “घरी नवरा नाही, कुणाशी तरी भांडायला हवंच.”

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सहाही घंटा सुरू झाल्या. दहा मिनिटं कशी पाण्यासारखी गेली. ‘जमलं की!’ असं एनिडच्या मनात आलं मात्र, रेघ हातची सुटली. ती क्लिफर्डच्या जागी वाजली, बावचळून क्लिफर्ड तिच्या. चार-पाच फेऱ्या दोघं एकमेकांची वाट चालले, मग नजरानजर झाली आणि आपापल्या वाटेला लागले.

जागांची अशी अदलाबदल झाली की ते वाजवणं खोटं. ज्याला कळलं त्याने तिथंच बोलायचं. म्हणजे म्होरक्या, इथं अँब्रोज, ‘थांबा’ म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पण अँब्रोजचा या दोघांच्या बाजूचा कान गेलेला. एनिड गप्प राहिली.

पाऊण तासाने घंटा पुन्हा सुरुवातीसारख्या ओळीने वाजल्या, केंब्रिज पुरं झालं. अँब्रोज बाकावर बसून डोळे पुसत होते.

जिन्यात क्लिफर्ड पुटपुटला, “बोलू नकोस हं. देवसुद्धा इतकं मोजत नसेल.”

“मी मोजलंय ना,” ती म्हणाली.

गुरुवारपर्यंत प्रार्थनेत तिचं मन लागलं नाही. ती अँब्रोजच्या घरी गेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घंटावाल्यांच्या साप्ताहिकाला पाठवायचं पाकीट होतं. आत सहा नावं. तिने सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उभं फाडलं आणि चुलीत टाकलं.

“सांगितलंस ते बरं केलंस.”

“रविवारी पुन्हा वाजवू या ना.”

त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो खांद्याशीच अडला. “सोमवारपासून याच्या वर जात नाही. तेव्हाच बोलली असतीस, तर पहिल्यापासून सुरू केलं असतं गं. त्या दिवशी अंगात होतं.”

‘मी बोलणारच होते,’ असं म्हणावं असं तिला वाटलं. पण ते खरं नव्हतं.

“चहा घेशील?” म्हणत ते उठले. किटली वरच्या फळीवर होती. एनिडने ती काढून दिली.