खिशातला रोटर

गावातल्या देवळात पायी गेलेले आबा परत यायच्या आत क्रांतीनं जीपचं बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, आतला रोटर उपसून ओढणीच्या टोकात बांधला आणि टोपण होतं तसं बसवून टाकलं. भाजीला फोडणी द्यायला जास्त वेळ लागतो. रोटर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा काळा तुकडा, वर पितळेची पट्टी. तो नसला की एकाही प्लगला करंट पोचत नाही, मग गाडीच्या कितीही विनवण्या करा. हे तिला शिकवलं होतं आबांनीच.

आबा म्हणजे नाथाजी, फौजेतले ड्रायव्हर. मुक्कामाला गाडी लावली की रोटर काढून खिशात घालायचा, ही त्यांची तिकडची शिस्त. किल्लीचं काय, तारेला तार जोडून कुणीही गाडी चालू करील. रोटरच नसेल तर चोर काय गाडीला हळदीकुंकू वाहणार? पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी मिल्ट्रीच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप वडूजजवळच्या आपल्या गावी आणली, आणि तिच्यासोबत ही शिस्तही आणली. गाव हसायचं. पुढं त्यांची ती सवय आपोआप सुटली, कारण ती जीप चोरायला यावा इतका खुळा चोर तालुक्यात नव्हता.

आता काचबिंदूनं त्यांची बाजूची नजर खाल्ली होती. नाकासमोरचं लख्ख दिसायचं, कडेचं काहीच नाही. गेल्या आठवड्यात म्हसवडच्या रस्त्यावर आप्पासो मेंढक्याचं एक मेंढरू जीपखाली आलं. आप्पासो भला माणूस. त्यानं आबांशी भांडण केलं नाही, सांगलीला क्रांतीला फोन लावला. म्हणाला, "ताई, आज मेंढरू गेलं. उद्या कुनाचं प्वार जाईल." भाऊ शंभूराज लष्करात, लांब सरहद्दीवर. म्हणून क्रांती शाळेत रजा टाकून माहेरी आली.

आता सरळ बापासमोर बसावं आणि किल्ली मागावी की नाही? पण मास्तरणीची सगळी हिंमत वर्गातल्या पोरांपुढं. आबांचा आवाज चढला की तिची आजही बोबडी वळायची. तेव्हा साप मरावा आणि काठीही मोडू नये असा मार्ग तिनं शोधला. जुन्या गाडीला जुनं दुखणं, चालू होत नाही तर नाही. म्हातारा आता टोपण खोलून बघत बसणार नाही, चार दिवसांनी कंटाळेल, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा जीप घेऊन म्हसवडच्या सिद्धनाथाच्या दर्शनाला निघाले. सेल्फ मारला. इंजिन घुरघुरलं, पण पेटलं नाही. चोक ओढून पुन्हा मारला, तेच.

"बॅटरी चांगली हाय," आबा हॉर्न वाजवून म्हणाले. "सेल्फ जोरात फिरतुय. पेट्रोल बघू."

पेट्रोल येत होतं. मग त्यांनी एक प्लग खोलला, काजळी पुसली, वायर लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. "क्रांती, बस आत. मार सेल्फ."

क्रांती स्टिअरिंगला बसली आणि तिनं सेल्फ मारला. ठिणगी पडणार नाही हे तिला ठाऊक होतं. काचेतून आबांची पाठ दिसत होती. म्हातारा शीळ घालत होता! कितीतरी दिवसांनी कुणालातरी त्यांची गरज पडली होती, मग ती एका आजारी गाडीला का असेना. ते कॉईलच्या वायरी पुसत होते, फुंकर मारत होते, तिला नवशिक्या क्लीनरसारखं समजावून सांगत होते. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की खाली उतरून मळ्याकडं पळत सुटावं.

"करंट न्हाई," आबा म्हणाले. "आता दोनच जागा. कॉईल न्हाईतर पॉईंट."

त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण उघडलं आणि शीळ थांबली.

क्रांती गाडीतून खाली उतरली. आता आबा गरजणार, कुनी हात लावला माझ्या गाडीला? आपण मान खाली घालून कबूल करायचं, दोन शिव्या खायच्या, एकदाचा विषय निघेल. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटलं की आबांना सगळं कळलंच. पण आबांनी कुणाकडं पाहिलंच नाही. त्यांचा हात सावकाश स्वतःच्या सदऱ्याच्या खिशाकडं गेला. तो रिकामा होता. मग त्यांनी विजारीचे दोन्ही खिसे चाचपले.

"मीच काडला आसंल," ते पुटपुटले.

मग शोधाशोध सुरू झाली. आबांनी उशी उलटली, ट्रंक उपसली. चंद्राबाईनं, म्हणजे क्रांतीच्या आईनं, पिठाचा डबासुद्धा चाळून बघितला. शेवटी आबा पायरीवर बसले. "डोस्कं चाललं माझं, पोरी," ते म्हणाले. "शंभूला कळवू नगो. तकडं त्येच्या जिवाला घोर."

बोलायची हीच वेळ होती. पण एक खोटं निस्तरायला क्रांतीनं दुसरं केलं. आत जाऊन खुंटीवरच्या आबांच्या खाकी कोटाच्या खिशात रोटर टाकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "आबा, कोटात बघितलं का?"

रोटर सापडला. आबा तो हातात धरून बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "व्हय की! आता आटावलं. काल देवळातनं आलू, गाडी हितंच उगडी हुबी. म्हनलं, रातचं कोन काय करंल. काडला आन् टाकला कोटात. व्हय, व्हय."

ते अगदी तपशिलात सांगत होते. बॉनेट किती गरम होतं, कोपऱ्यावरचं कुत्रं कसं भुंकत होतं. न घडलेली गोष्ट त्यांना आठवत होती, आणि आठवली म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

आबांनी रोटर बसवला. जीप पहिल्या सेल्फला पेटली. ते थोडा वेळ आवाज ऐकत उभे राहिले, मग त्यांनी गाडी बंद केली आणि किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

"ज्याला सोताच्या हातानं केल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाई, त्यानं स्टेरिंगला हात लावू नये. तू ने गाडी."

ज्यासाठी ती आली होती ते तिला मिळालं. रस्त्यावरची पोरंबाळं वाचली, हे खरंच होतं; पण तोंडात घास फिरावा तशी ती किल्ली तिच्या मुठीत फिरत राहिली.

दुपारी जेवणाआधी चंद्राबाई नेहमीसारखी भिंतीला टेकून बसली आणि तिनं दंड पुढं केला. साखरेचं, म्हणजे इन्सुलिनचं, इंजेक्शन तिला आबाच द्यायचे, दिवसातून दोनदा. इंजेक्शनच्या पेनची टकटक कानानं मोजत, इतक्या हलक्या हातानं की सुई टोचली हे तिला कळायचंही नाही. आज आबा जागचे हलले नाहीत.

"क्रांती, तू दे. तू गेल्यावर मायाला सांगू, शेजारीच ऱ्हाती." ते भिंतीकडं बघत म्हणाले. "एकदा दिल्यालं इसरून म्या पुन्ना दिलं तर? जीव जाईल हिचा."

"आवं, काईतरीच काय," चंद्राबाई म्हणाली. "मला तुमच्याच हातनं पायजे."

आबांनी मान हलवली. आता मात्र क्रांतीला राहवलं नाही.

"आबा, रोटर मी काढला होता. काल तुम्ही देवळात गेल्यावर. कोटातही मीच टाकला. तुम्हाला काही झालेलं नाही, आबा. मीच खोटं वागले."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. थप्पड बसली असती तर तिनं देवाचे आभार मानले असते. आबा हसले. जवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"गुनाची माजी बाय. बापाची लाज राकतीस व्हय?"

"शप्पथ, आबा! आईशप्पथ खरं सांगते."

"आगं, मला सोताला आटावतंय की काडल्यालं. बॉनेट गरम हुतं." त्यांनी पेन उचलून तिच्या हातात दिलं. "घे. आईला उपाशी ठिवू नगो."

क्रांती पेन घेऊन आईकडं वळली. लेकीचं बोलणं चंद्राबाईनं ऐकलं होतं, आणि तिला ते पटलं होतं. तिनं पुढं केलेला दंड मागं घेतला आणि त्यावर पदर ओढला.

"तुमी देस्तवर मी जेवनार न्हाई," ती आबांना म्हणाली.