बावीस इंची कटर

मुनव्वर झाडावर चढायचा, अंगद खालून दोर धरायचा. घरांवर आलेल्या धोक्याच्या फांद्या उतरवायचा दोघांचा धंदा बीडमध्ये चार वर्षं असाच चालला होता. पावसाळ्याच्या तोंडावर जुनं कटर, म्हणजे फांद्या कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत, कायमचं बंद पडलं आणि नवीन काय घ्यायचं यावरून वाद सुरू झाला.

मुनव्वरला झाडावर पेलेल असं लहान कटर आणि एक सेफ्टी बेल्ट हवा होता. गेल्या साली नेकनूरला कडुलिंबावरून त्याचा पाय सुटला. कमरेच्या कासऱ्यानं तो वाचला, पण बरगड्या महिनाभर ठणकत होत्या. अंगदचा जीव मात्र बावीस इंची पट्टीच्या कटरवर. "मोठी मशीन बघितली की गिऱ्हाईक घासाघीस करत न्हाई," तो म्हणायचा.

दोघं मशिनरीच्या दुकानात गेले, तर तिथं बेल्ट नव्हताच. "असलं कोण घेतंय? दोर बांधा की," मालक म्हणाला. मुनव्वर चिडून बाहेर पडला, वायरमन लोकांचा बेल्ट तरी मिळेल म्हणून विजेच्या सामानाची दोन दुकानं हिंडला. एका ठिकाणी बेल्ट होता, पण त्याची कडी बोटानं दाबली तरी वाकत होती. दुसऱ्या ठिकाणी मागवून देतो म्हणाले. कधी, ते सांगेनात. तासाभरानं परतला तर अंगद मोठं कटर पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधत होता.

"घेतलंस?"

"सूट फक्त आजच्या दिवस होती. तू कुठं गेलतास?"

"मला इचारलं कावून न्हाई? वर मी चढतो, बे!"

"चालवून तर बघ," अंगद गाठ आवळत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उमापूरला काम होतं. सत्यशीलाबाईंच्या घराच्या पत्र्यावर चिंचेची जाड फांदी टेकली होती. मुनव्वर वर गेला, अंगदनं दोराला बांधून कटर पाठवलं. एका हातानं झाड धरावं तर दुसऱ्या हाताला कटर उचलेना. दोन्ही हातांनी कटर धरावं तर झाड धरायला हात उरेना. तीनदा प्रयत्न केला, जमलं नाही. त्यानं मशीन खाली सोडलं आणि स्वतःही उतरला.

"जा आता तू."

अंगद चढला. पहिल्या बेचक्यात पोचला, खाली बघितलं आणि खोडाला मिठी मारून तिथंच बसला. सत्यशीलाबाईंनी शिडी लावली तेव्हा कुठं उतरला.

"झाड तोडायला आलात का झाडावर बसायला?" बाई वैतागल्या.

शेवटी मुनव्वरनंच कुऱ्हाडीनं तुकडा तुकडा करत फांदी उतरवली. दोन तासांचं काम दिवस मावळेपर्यंत चाललं.

सकाळी दोघं कटर परत द्यायला गेले, पण दुकानदारानं ते घेतलं नाही. "पेट्रोल घातलेली मशीन मी कुणाला इकू?" म्हणाला. तेवढ्यात कडा गावाहून फोन आला. उंच निलगिरीचा शेंडा उतरवायचा होता. अंगदनं मुनव्वरकडं बघितलं. मुनव्वरनं नकारार्थी मान हलवली.

"बेल्ट आल्यावर येतो," अंगद फोनवर म्हणाला. पलीकडच्यानं दुसरा माणूस बघतो म्हणून फोन ठेवला.

"हेच दुकानात म्हणला असतास तर?" मुनव्वर म्हणाला.

अंगद स्वतः विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन बेल्टची ऑर्डर देऊन आला. आठ दिवसांत येईल असं कबूल करून घेतलं. आज बारावा दिवस. तोवर दोघं फक्त वाऱ्यानं पडलेली खोडं कापतायत, आणि अंगद रोज सकाळी दुकानात फोन लावून भांडतोय.